चिमटा

नोव्हेंबर. राउमात दुपारी चारलाच दिवे लागतात.
दुकान बंद करून मी भिंग डोळ्याला लावते
आणि घड्याळाऐवजी
एक कॅप्सूल उघडते.

पांढऱ्या बशीत दाणे ओतताना श्वास धरावा लागतो.
पहिल्यांदा मोजले तेव्हा एकशे त्रेचाळीस भरले,
दुसऱ्या कॅप्सूलमध्ये एकशे एकोणचाळीस.
म्हणजे कारखान्यालाही नेमकं ठाऊक नाही
मला किती लागतं.
डॉक्टर लेम्पिनेन म्हणाल्या, पंधरा दिवसांना चार कमी.
थांबायचं. बघायचं. घाई केलीत तर मला फोन करू नका.
मग हसल्या. म्हणाल्या, करा.

सात वर्षांपूर्वी
मी दुकानातल्या घड्याळांना किल्ली देणं सोडलं.
कुणी गेलं नव्हतं, दिवाळं नव्हतं, नवरा सरळमार्गी.
कारण विचारलं की लाज वाटे,
पाहुणे दारात आणि डबे रिकामे, तशी.
भिंतीवरची बावीस घड्याळं एकेक करून थांबली
आणि मला ते बरं वाटलं.
त्या बरं वाटण्याचीच ताउनोला भीती वाटली.
त्यानं गाडी काढली.

आधी तीन आठवडे तोंडाला कोरड, जांभया, घाम.
मग एका सकाळी राईच्या पावावरचं लोणी
खारट लागलं.
एवढंच.
माझ्यासमोर कुणी त्या गोळ्यांना नावं ठेवू नयेत.

पण आई गेली तेव्हा
चर्चमध्ये तिची पर्स मांडीवर धरून मी पाहत होते,
पाद्रीबाईंचं मनगटी घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.
सिनिक्का हुंदके आवरत म्हणाली, ताई, तू किती खंबीर.
खंबीर कसली!
घड्याळावर काच असते ना,
सगळं दिसतं, धूळ आत येत नाही.

म्हणून हा चिमटा.

शंभरच्या खाली उतरल्यावर वीज सुरू झाली.
मान वळवली की डोळे आधी पोचतात,
मी मागून.
त्याला शब्द नाही, मी आवाज करून दाखवते: झिट्.
ताउनोही विचारायला लागला, आज किती झिट्?
त्यानं चमचा बशीत कसा आपटला यावरून
एका मंगळवारी मी घर सोडून निघाले,
बसथांब्यापर्यंत. मोजे न घालता.

साठावर जमलं नाही. फेब्रुवारीत परत चढवले, ऐंशी.
बशी पुसताना वाटलं, हरले.
सौनात इर्या म्हणाली,
मी तर मरेपर्यंत घेणार बाई, अख्खीच्या अख्खी,
शेवटचा घोटसुद्धा गोळीवरचाच असेल.
वाफेत आम्ही दोघी हसलो,
बादली लवंडेपर्यंत.

काढलेले दाणे मी फेकत नाही.
बारीक स्क्रूंच्या डबीत ठेवते.
ताउनोनं एकदा ती कानाशी हलवून पाहिली
आणि होती तिथं ठेवली.

मार्चमध्ये, सुपरमार्केटच्या आवारात,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते.
आई अशा बर्फावर बोटानं माझं नाव लिहायची,
ओइली,
आणि मला चिडवायला मधला स्वर गाळायची: ओली.
आमच्या भाषेत ओली म्हणजे होती.
मी पाय आपटायची. होती नाही, आहे! आहे!
साडेतीन वर्षांनी रडू आलं,
मोठ्यानं, बटाट्यांची पिशवी पायाशी टाकून.
ट्रॉल्या ढकलणारा एक पोरगा थांबला,
काय बोलावं न कळून त्यानं बटाटे गोळा करून दिले.

ताउनो म्हणतो, ते औषध उतरल्याचं रडणं.
असेल.
आवाज स्प्रिंगचा की गंजाचा,
हे मी गिऱ्हाइकालाही उघडल्याशिवाय सांगत नाही.

आज एकेचाळीस.
एक दाणा चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेलाय.
टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलेय, शोधतेय,
मान हळू वळवत,
की चाळीसच घेऊन पाहू?